पावती

दूध संपलं नव्हतं. उरलेलं मीच कॉफीत ओतून टाकलं,
कारण नऊ पूर्ण झाल्यापासून ओडेल मागे लागला होता,
"एकटा जातो ना दुकानात. बेकेट तर कधीपासून जातो."
बेकेट समोरच्या घरातला. पुढचा दात पडलेला, पिंगट केसांचा,
आमच्याकडे आला की फ्रिज न विचारता उघडतो.

मिलवॉकीतला नोव्हेंबर. सरोवरावरून येणारा वारा
कान कापून हातात देतो.
दुकान दोन चौक पुढे. खिडकीतून त्याची पाटी दिसते,
दार दिसत नाही.

मी त्याच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली
आणि टोपी मागे टाकली.
"थंडी आहे, आई."
"असू दे. चेहरा दिसला पाहिजे."
"कुणाला?"

इथे एक मोठा श्वास घ्यायचा, असं माझी नणंद म्हणते.
तिचं तिघांना सांगून झालंय.
मी श्वास घेतला आणि भलतंच विचारलं,
मोजे घातलेस का?

मग सांगितलं.
वस्तू उचललीस की घ्यायचीच, नुसतं बघायला हात लावायचा नाही.
पळायचं नाही. कुणी हाक मारली तरी नाही.
गल्ल्यावरचा माणूस तुसडं बोलला तर "हो सर", बास.
आणि हात खिशात नाहीत. दुकानात नाहीत, रस्त्यातही नाहीत.
पावती मागून घ्यायची,
पिशवीत टाकायची नाही, घरी येईपर्यंत मुठीत.
पोलिसांचं मी पुढच्या खेपेसाठी ठेवलं.
अर्ध्या गॅलन दुधासाठी किती सांगायचं?

(हेच तोंड पाच हिवाळे ओरडतंय त्याच्यावर:
हात खिशात घाल, बोटं गारठतील.)

"बेकेटची आई त्याला सांगते हे?"
"नाही."
"का?"
"काही लोक तुझा रंग बघतात आणि ठरवून मोकळे होतात.
चूक त्यांची. तुझी केसाएवढीसुद्धा नाही."
त्याने बुटाची नाडी बांधली. सोडली. पुन्हा बांधली.
"मग त्यांना सांग ना. मला कशाला सांगतेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच डॉलर होते, ते दिले.

ज्यांचं नाव त्याला ठेवलं ते माझे वडील
अडतीस वर्षं टायरच्या कारखान्यात होते.
ते गेल्यावर चर्चला द्यायला त्यांचा कोट काढला,
खिसे उलटे केले, तर बावीस पावत्या.
दाढीची पाती. खोकल्याच्या गोळ्या. एक पेन्सिल.
एकीवरची तर शाईच उडून गेलेली,
कोरा चिटोरा,
तोही घडी घालून ठेवलेला.

चौदा मिनिटं.
एकच कप मी किती वेळा विसळला कोण जाणे.
मग तो कोपऱ्यावर दिसला. काठोकाठ भरलेला पेला
नेत असल्यासारखा चालत होता.
बेकेटने त्यांच्या पायरीवरून हाक मारली.
माझा मुलगा पळाला नाही.
आमच्या स्वतःच्या अंगणातसुद्धा पळाला नाही.

मी दार उघडलं. पायपुसण्यावर उभं राहून
त्याने हात लांब केला, तळवा उघडा,
आणि पावती पुढे केली.
मला.
बोटांची पेरं थंडीने पांढुरकी, राख फासल्यासारखी.

मी वाचली. वाचावीच लागली.
दूध, आणि त्याखाली एक ओळ, द्राक्षाच्या चवीचं च्युइंगम.
त्याचा एक गाल फुगलेला.
"पावतीने चुगली केली रे," म्हटलं,
तर हसला. जीभ जांभळीभोर.

दूध उंबऱ्यातच राहिलं.
मी त्याचे दोन्ही हात धरले
आणि माझ्या स्वेटरच्या खिशांत कोंबले, मनगटापर्यंत.
तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.
मग विचारलं,
"इथे चालतात?"